रॅड५१ची अँटिबॉडी: कुपी उघडण्यापासून ठिपके मोजण्यापर्यंत

रॅड५१ या डीएनए दुरुस्तीच्या प्रथिनाची अँटिबॉडी पहिल्यांदा वापरणाऱ्याची चूक बहुतेक वेळा अँटिबॉडीत नसते, घड्याळात असते. पेशींना रेडिएशन दिलं, अर्ध्या तासाने फिक्स केलं, गॅमा-एचटूएएक्सचे (डीएनए तुटल्याच्या खुणेचे) ठिपके भरघोस दिसले आणि रॅड५१च्या चॅनलमध्ये नुसतं धुकं. लगेच निष्कर्ष निघतो की अँटिबॉडी खराब आहे. मग नव्या कुपीसाठी इंडेंट आणि पुढचे काही आठवडे वाट बघणं.

खरी गोष्ट अशी की गॅमा-एचटूएएक्स अर्ध्या तासात भरात येतं, पण रॅड५१च्या ठिपक्यांना वेळ लागतो. डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर आधी तुटलेली टोकं कुरतडली जातात आणि एकेरी धागा उघडा पडतो. त्यावर आरपीए हे प्रथिन बसतं. मग बीआरसीए२ हे दुसरं प्रथिन येतं, आरपीएला हटवतं आणि तिथे रॅड५१ची माळ ओवतं. ही माळ लांबली, एका जागी पुरेसे रेणू जमले, की मायक्रोस्कोपखाली ठिपका दिसतो. गॅमा किरणांनंतर याला साधारण ४ ते ६ तास द्यावेत.

म्हणून कुपीला हात लावण्याआधी प्रथिनाची कामापुरती ओळख करून घ्या.

प्रथिनाबद्दल एवढं तरी माहीत हवं

माणसाचं रॅड५१ हे ३३९ अमिनो आम्लांचं, सुमारे ३७ किलोडाल्टनचं प्रथिन. जिवाणूंमधल्या रेक-ए या प्रथिनाचं हे नातेवाईक. यीस्टमधलं त्याचं जनुक १९९२ साली वाचलं गेलं तेव्हा हे नातं उघड झालं. उंदराचं आणि माणसाचं रॅड५१ जवळजवळ सारखंच आहे, त्यामुळे माणसासाठी बनवलेली अँटिबॉडी उंदराच्या पेशींवर बहुधा चालते. चालते की नाही ते मात्र करून बघायचं.

दुसरी गोष्ट पेशीचक्राची. शेजारच्या सिस्टर क्रोमॅटिडची नक्कल वापरून होणारी ही दुरुस्ती एस (डीएनएची नक्कल होते तो) आणि जी२ (त्यानंतरचा) या टप्प्यांतच चालते. जी१मधल्या, म्हणजे नक्कल सुरू होण्याआधीच्या, पेशीत ठिपके नसणं हे योग्यच आहे. एका फील्डमध्ये निम्म्या पेशी ठिपक्यांनी भरलेल्या आणि निम्म्या कोऱ्या दिसल्या तर स्टेनिंग फसलेलं नाही, ते बरोबर झालेलं असण्याचीच शक्यता जास्त. तिसरी गोष्ट, रेडिएशन न दिलेल्या पेशींतही थोडे ठिपके असतात, कारण डीएनएची नक्कल होताना अडखळणाऱ्या जागांवरही रॅड५१ बसतं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. रॅड५१ किती आहे आणि रॅड५१ कामाला लागलंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कॅपान-१ या स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये बीआरसीए२ मोडकं आहे. तिथे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून पडद्यावर अँटिबॉडीने बघण्याची पद्धत) रॅड५१ची पट्टी छान दिसते, पण किरण दिल्यावर ठिपके बनत नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ब्लॉट देतो, दुसऱ्याचं इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे पेशीतच चमकणाऱ्या अँटिबॉडीने बघणं. एका कामात चाललेली अँटिबॉडी दुसऱ्यात चालेलच असं नाही, कारण ब्लॉटवर प्रथिन उलगडून सपाट पडलेलं असतं आणि पेशीत ते आपल्या घडीत, शिवाय फॉर्मल्डिहाइडने बांधलेलं.

निवडताना काय बघायचं

डेटाशीटवर 'डब्ल्यूबी' (वेस्टर्न ब्लॉट) आणि 'आयएफ' (इम्युनोफ्लुरोसन्स) अशी दोन्ही अक्षरं असली म्हणून समाधान मानू नका. चित्रं बघा. ब्लॉटचं चित्र ३५ ते ४० किलोडाल्टनपुरतं कापून लावलेलं असेल तर बाकीच्या जेलवर काय होतं हा प्रश्न उरतोच. आयएफच्या चित्रात किरण दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी शेजारी-शेजारी नसतील तर ते चित्र सजावटीचं समजा.

पॉलिक्लोनल (प्राण्याच्या रक्तातल्या अनेक अँटिबॉड्यांचं मिश्रण) घ्यायची की मोनोक्लोनल (एकाच प्रकारची)? शक्यतो सशाची रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल घ्यावी. पॉलिक्लोनल चांगली नसते असं नाही. रॅड५१वरचं बरंच जुनं काम पॉलिक्लोनलवरच झालंय. पण तो ससा कायमचा नसतो, आणि पुढच्या लॉटची अँटिबॉडी दुसऱ्या सशाची असू शकते. जुन्या शोधनिबंधांत सर्रास दिसणारी एच-९२ नावाची पॉलिक्लोनल आज मिळत नाही. तिच्यावर बसवलेले प्रोटोकॉल नव्या कुपीवर जसेच्या तसे लावू नका.

सशाचीच का, याचं कारण सोबतच्या अँटिबॉड्या. गॅमा-एचटूएएक्सची लोकप्रिय मोनोक्लोनल उंदराची आहे. रॅड५१ही उंदराची घेतलीत तर दोन्हींना एकच सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला, म्हणजे प्रायमरीला, चिकटणारी खूण लावलेली दुसरी अँटिबॉडी) चिकटेल आणि दोन्ही चॅनलमध्ये एकसारखे ठिपके दिसतील. नवख्याला हा 'को-लोकलायझेशनचा सुंदर निकाल' वाटतो. असा निकाल गाइडपर्यंत पोचण्याआधी सेकंडरीच्या बाटल्यांवरची प्राण्यांची नावं पुन्हा वाचा.

रॅड५१ची भावंडं, म्हणजे रॅड५१बी, रॅड५१सी, रॅड५१डी, एक्सआरसीसी२ आणि एक्सआरसीसी३, वजनाने जवळपासची असली तरी क्रमात बरीच वेगळी आहेत. जास्त साम्य आहे ते डीएमसी१शी, पण ते अर्धसूत्री विभाजनात काम करतं. वृषणाच्या ऊतीवर काम नसेल तर त्याची काळजी नको.

कुपी आल्यावर

कुपी आली की टोपण उघडण्याआधी १० सेकंद स्पिन करा. प्रवासात निम्मा थेंब टोपणात जाऊन बसतो. लेबलवर बफर बघा. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० अंशांवर ती गोठत नाही, छोटे भाग करायची गरज नाही. ग्लिसरॉल नसेल तर ५ ते १० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० किंवा उणे ८०ला ठेवा आणि एकदा वितळलेला भाग ४ अंशांवरच वापरून संपवा. याहून लहान भाग करू नयेत, ट्यूबच्या भिंतीलाच बरीचशी अँटिबॉडी चिकटून राहते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये तर ठेवूच नका. बर्फ साचू नये म्हणून तो ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतो, आणि तुमची कुपी रोज थोडी वितळते.

सोडियम अझाइडबद्दल एक सूचना. अँटिबॉडीच्या कुपीत ते थोडं असतंच, डायल्यूशन केल्यावर फरक पडत नाही. पण प्रायमरीचं डायल्यूशन पुन्हा वापरण्यासाठी त्यात ०.०२ टक्के अझाइड घालणाऱ्यांनी तोच हात एचआरपी (ब्लॉटवर प्रकाश निर्माण करणारं एन्झाइम) लावलेल्या सेकंडरीकडे नेऊ नये. अझाइड एचआरपीला बंद पाडतं आणि ब्लॉट कोरा निघतो.

आधी कंट्रोल, मग प्रयोग

पट्टी दिसली म्हणजे रॅड५१ दिसलं असं होत नाही. ती पट्टी रॅड५१ कमी केल्यावर कमी होते का, एवढंच विचारायचं असतं.

इतर प्रथिनांसाठी यावर सोपा उपाय असतो, क्रिस्परने जनुक उडवलेली पेशी. रॅड५१ला तो लागू नाही. रॅड५१ नसलेले उंदराचे गर्भ फार लवकर मरतात हे १९९६मध्येच दिसलं, आणि पेशीही त्याच्याशिवाय वाढत राहत नाहीत. म्हणून इथे कंट्रोल म्हणजे सायआरएनए (ठरावीक जनुकाचं प्रथिन बनणं कमी करणारा छोटा आरएनए), आणि तेही एकाच जनुकावरचे दोन वेगळे क्रम. एकाच क्रमाने पट्टी गेली तर तो योगायोग असू शकतो, दोन्हींनी गेली तर विश्वास ठेवायला जागा आहे.

यू२ओएस किंवा हेला (दोन्ही माणसाच्या कॅन्सरच्या) पेशी ६-वेल प्लेटमध्ये ३० ते ४० टक्के भरल्या की २० नॅनोमोलर सायआरएनए ट्रान्सफेक्ट करा. शेजारच्या वेलमध्ये नॉन-टार्गेटिंग क्रम. ४८ तासांनी गोळा करा. ७२ तासांपर्यंत ताणलंत तर पेशी जी२मध्ये अडकायला लागतात, मरायला लागतात, आणि मग जे बदल दिसतात ते रॅड५१ गेल्याचे की पेशी आजारी पडल्याचे हे सांगता येत नाही. पट्टी शंभर टक्के जाणार नाही, पाचातले चार भाग गेली तरी पुरे.

दुसरा कंट्रोल फुकटचा आहे. गच्च भरलेल्या, सीरम काढून घेतलेल्या पेशी वाढायच्या थांबतात आणि त्यांच्यातलं रॅड५१ घटतं. यासाठी फायब्रोब्लास्टसारख्या खरोखर थांबणाऱ्या पेशी घ्या, कॅन्सरच्या बऱ्याच पेशी सीरम काढलं तरी हटत नाहीत. तिसरा कंट्रोल प्रायमरीशिवाय फक्त सेकंडरी. हा कंट्रोल गाळणारे पुष्कळ, आणि पुढे त्याच्याच शोधात आठवडा घालवणारेही तेच. ब्लॉकिंग पेप्टाइडवर मात्र फार विसंबू नका. ज्या पेप्टाइडवर अँटिबॉडी बनली ते घातल्यावर खरी पट्टी जाते, तशीच त्या अँटिबॉडीने पकडलेली खोटी पट्टीही जाते.

पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या भांडारातून आणल्या असोत की शेजारच्या लॅबमधून मागून, मायकोप्लाझ्माची तपासणी करून घ्या. पुढे डापी (डीएनएला निळा रंग देणारं द्रव्य) लावल्यावर केंद्रकाबाहेर बारीक निळी रवाळ भुकटी दिसली तर तो मायकोप्लाझ्माचा डीएनए असण्याची दाट शक्यता आहे. अशा पेशींवर डीएनए दुरुस्तीचा कुठलाही प्रयोग करण्यात अर्थ नाही.

वेस्टर्न ब्लॉट

रॅड५१चा बराच भाग क्रोमॅटिनला धरून बसलेला असतो, त्यामुळे सौम्य बफरने लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्रव) केलंत तर तो गाळासोबत फेकला जातो. रिपा बफर प्रोटीएज इनहिबिटरसह वापरा, बर्फावर २० मिनिटं ठेवा आणि मग सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी डीएनए तोडा): ५ सेकंदांचे तीन-चार झटके, मध्ये बर्फावर विश्रांती. सोनिकेटर नसेल तर बेन्झोनेझ चालतं. झालं की नाही ते टिपवरून कळतं. पिपेटची टिप लायसेटमधून वर उचला. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार टिपेला लटकून वर येत असेल तर डीएनए अजून अखंड आहे. असा लायसेट जेलच्या वेलमध्ये नीट बसत नाही, शेजारच्या वेलमध्ये ओढला जातो आणि पट्ट्या वाकड्या धावतात. टिपेवरून पाण्यासारखा थेंब सुटला की झालं.

प्रथिन बीसीएने मोजा. रिपामधल्या डिटर्जंटमुळे ब्रॅडफर्डचे आकडे बिघडतात. ६-वेलच्या एका भरलेल्या वेलमधून साधारण १०० ते १५० मायक्रोग्रॅम प्रथिन मिळतं, दर लेनमध्ये २० ते ३० मायक्रोग्रॅम पुरे. ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळून १० किंवा १२ टक्क्यांच्या जेलवर चालवा. निळी रेघ अगदी तळाला जाईपर्यंत थांबा, कारण ३७च्या आसपासच्या पट्ट्या एकमेकींपासून सुटायला हव्यात.

पीव्हीडीएफ पडदा मेथेनॉलमध्ये अर्धा मिनिट भिजवल्याशिवाय वापरू नका. १०० व्होल्टवर १ तास ट्रान्सफर, टाकी बर्फात. मग पाँसो (पडद्यावरची सगळी प्रथिनं दाखवणारा लाल रंग) लावून फोटो काढा. हा फोटो पुढे फार उपयोगी पडतो: लोडिंग समान होतं का, बुडबुडा कुठे बसला होता, सगळं त्यात दिसतं. टीबीएसमध्ये ०.१ टक्के ट्वीन-२० घालून केलेल्या टीबीएसटीत ५ टक्के दूध पावडर विरघळवून १ तास ब्लॉक करा. प्रायमरी रात्रभर ४ अंशांवर, हलत्या रॉकरवर. टीबीएसटीने १० मिनिटांचे तीन वॉश, एचआरपी सेकंडरी १:५००० ते १:१०००० एक तास, पुन्हा तीन वॉश, मग ईसीएल (एचआरपीमुळे प्रकाश देणारं द्रावण).

प्रायमरीचं डायल्यूशन डेटाशीटवरून उचलू नका, स्वतः बसवा. तीच लायसेटची जोडी पुन्हा पुन्हा चालवून पडद्याच्या उभ्या पट्ट्या कापा आणि १:५००, १:१०००, १:२०००, १:५००० अशा चार डायल्यूशनमध्ये टाका. प्रत्येक पट्टीत दोन लेन हव्यात: कंट्रोल सायआरएनए आणि रॅड५१ सायआरएनए. सगळ्यात ठळक पट्टी देणारं डायल्यूशन निवडायचं नाही. दोन लेनमधला फरक जिथे सगळ्यात मोठा आणि बाकीचा पडदा जिथे सगळ्यात स्वच्छ, ते निवडायचं. बहुतेक वेळा ते अपेक्षेपेक्षा पातळ निघतं.

आता लोडिंग कंट्रोलचा सापळा. सवयीने हात जीएपीडीएचकडे जातो. जीएपीडीएच ३६-३७ किलोडाल्टनचं, रॅड५१ ३७चं. रॅड५१ बघून झाल्यावर त्याच पडद्यावर जीएपीडीएच लावलंत तर एक पट्टी दुसरीच्या डोक्यावर बसते, आणि स्ट्रिपिंग (आधीची अँटिबॉडी पडद्यावरून काढणं) अर्धवट झालं असेल तर कोणती कोणाची हे सांगता येत नाही. बीटा-अ‍ॅक्टिन ४२चं, तेही फार लांब नाही. सुमारे १२० किलोडाल्टनचं व्हिन्क्युलिन घ्या. पडदा ७०च्या खुणेवर आडवा कापला की वरच्या तुकड्यावर व्हिन्क्युलिन, खालच्यावर रॅड५१, एकाच वेळी. स्ट्रिपिंगची भानगडच नको. सर्वसाधारण ५० ते ५५ला दिसणारं ट्युब्युलिनही चालतं.

इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडीने प्रथिन पकडून वेगळं काढणं) करणाऱ्यांचं एक बरं आहे. अँटिबॉडीच्या जड साखळ्या ५०ला आणि हलक्या २५ला येतात, रॅड५१ दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतं.

पट्टी ३७ऐवजी ३९-४०ला दिसली तर घाबरू नका. रंगीत लॅडरच्या पट्ट्या रंगाच्या वजनामुळे थोड्या इकडेतिकडे धावतात. सायआरएनएने ती जाते का, हाच निकष. दोन पट्ट्या आल्या आणि एकच गेली तर उरलेली खोटी. काहीच आलं नाही तर पाँसोचा फोटो बघा, मग सेकंडरीचा प्राणी, मग ईसीएलची एक्स्पायरी. अँटिबॉडीवर संशय सगळ्यात शेवटी. संपूर्ण पडदा काळा पडला तर बहुतेक वेळा सेकंडरी जास्त झालेली असते.

इम्युनोफ्लुरोसन्स: इथे वेळ द्या

१२ मिलीमीटरच्या गोल कव्हरस्लिप घ्या, जाडी १.५ नंबर, म्हणजे ०.१७ मिमी. ऑइल ऑब्जेक्टिव्ह याच जाडीसाठी बनवलेली असतात, १ नंबरवर ठिपके किंचित फुगलेले दिसतात. २४-वेल प्लेटमध्ये दर वेलला ४० ते ५० हजार यू२ओएस पेशी टाका आणि २४ तास बसू द्या. स्टेनिंगच्या वेळी वेल ६० ते ७० टक्के भरलेली हवी. गच्च भरली तर पेशी एसमध्ये जायच्या थांबतात, ठिपके घटतात आणि दोष पुन्हा अँटिबॉडीला.

किरण: ५ ते १० ग्रे. कोबाल्ट-६०चा स्रोत असेल तर यंत्रावर चिकटवलेल्या जुन्या डोस-रेटवर वेळ काढू नका. कोबाल्ट-६०चा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षं, म्हणजे डोस-रेट दर महिन्याला सुमारे १.१ टक्क्याने घसरतो. दोन वर्षांपूर्वीचा तक्ता वापरलात तर ५ ग्रे समजून प्रत्यक्षात ४च्या जवळपासच दिलेले असतात. टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) लावल्याशिवाय त्या खोलीत जाऊ नये हे सांगायला नकोच. किरणांची सोय नसेल तर मायटोमायसिन-सी १ मायक्रोमोलर किंवा ओलापारिब १० मायक्रोमोलर २४ तास द्या, ठिपके बनतात. मायटोमायसिन विषारी आहे, ग्लव्ह्ज आणि वेगळा कचरा. इटोपोसाइड मात्र पहिल्या प्रयोगाला नको. त्याने होणाऱ्या तुटीची बरीच दुरुस्ती टोकं थेट जोडून होते, त्यात रॅड५१ला फारसं काम नाही.

४ ते ६ तासांनंतरची पायरी सगळ्यात नाजूक: प्री-एक्स्ट्रॅक्शन. फिक्स करण्याआधी डिटर्जंटने पेशीतलं मोकळं तरंगणारं रॅड५१ धुऊन काढायचं, म्हणजे डीएनएला धरून बसलेलं तेवढंच मागे राहतं. त्याशिवाय पूर्ण केंद्रक पसरट चमकतं आणि ठिपके त्या उजेडात बुडतात. यासाठी सीएसके बफर. १०० मिली करायला: पाइप्स ०.३ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ०.५८ ग्रॅम, सुक्रोज १०.२७ ग्रॅम, १ मोलर मॅग्नेशियम क्लोराइड ०.३ मिली. पाइप्स पाण्यात टाकल्यावर विरघळत नाही, दुधाळ गढूळ राहतं. बाटली फेकू नका. सोडियम हायड्रॉक्साइड थेंब-थेंब घालत पीएच वर आणा, पाणी आपोआप नितळ होतं. ६.८ला थांबा. ट्रायटन एक्स-१०० ०.५ टक्के, पण वापरायच्या दिवशीच घाला. ट्रायटन पिपेट करताना टिपेचं टोक कापा आणि हळू ओढा, नाहीतर मधासारखा अर्धा टिपेतच राहतो.

माध्यम काढा, थंड पीबीएसने एकदा हलकेच धुवा, थंड सीएसके घाला, बर्फावर ३ मिनिटं मोजून. ५ मिनिटांवर गेलात तर पेशी सुटायला लागतात, विशेषतः विभागणाऱ्या गोल पेशी. द्रव नेहमी वेलच्या भिंतीवरून सोडा, कधीही थेट पेशींवर नाही. पेशी वारंवार सुटत असतील तर कव्हरस्लिपला पॉलि-लायसीन लावा.

सीएसके काढल्याबरोबर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, १० ते १५ मिनिटं, फ्यूम हूडमध्ये. ताजं किंवा गोठवून ठेवलेलं वापरा, फ्रीजमध्ये महिनाभर पडलेलं नको. पीबीएसचे तीन वॉश, ०.५ टक्के ट्रायटन १० मिनिटं, मग ५ टक्के बीएसए किंवा १० टक्के गोट सीरममध्ये एक तास ब्लॉक. सेकंडरी शेळीची असेल तरच गोट सीरम.

प्रोटोकॉलमधलं 'रूम टेंपरेचर' हा शब्द २० ते २२ अंशांच्या खोलीतून आलेला असतो. मे महिन्यात एसी बंद असलेल्या लॅबमध्ये तो ३३-३४ होतो. फिक्सेशन चालून जातं, पण पॅराफिल्मवरचे थेंब तासाभरात निम्मे सुकतात, आणि कडेला सुकलेली अँटिबॉडी घट्ट चिकटून कव्हरस्लिपच्या काठाने चमकणारी कडी बनवते. म्हणून प्रायमरी रात्रभर ४ अंशांवरच लावावी.

प्रायमरीसाठी ओलसर पेटी करा: झाकणाचा डबा, तळाला पाण्याने भिजवलेला टिश्यू, त्यावर पॅराफिल्म. पॅराफिल्मवर ३० मायक्रोलिटरचे थेंब, डायल्यूशन १:२०० ते १:१००० मधून बसवलेलं. वेलमधली कव्हरस्लिप काढण्यासाठी इंजेक्शनच्या सुईचं टोक जरासं वाकवून घ्या, त्याने काठ उचला, बारीक चिमट्याने पकडा, काठ टिश्यूला टेकवून जास्तीचा द्रव शोषू द्या आणि पेशींची बाजू खाली करून थेंबावर तिरकी सोडा, म्हणजे बुडबुडा अडकत नाही. पेशी कोणत्या बाजूला आहेत हे विसरलात तर काठाजवळ सुईने हलकेच ओरखडा. पेशींच्या बाजूला रेघ उमटते, दुसऱ्या बाजूला नाही. १:५००वर १०० मायक्रोलिटरची कुपी ५० मिली होते, म्हणजे दीड हजाराहून जास्त कव्हरस्लिप. वेलमध्ये ३०० मायक्रोलिटर ओतण्याची उधळपट्टी कशाला?

दुसऱ्या दिवशी पीबीएसमध्ये ०.१ टक्के ट्वीन घालून ५ मिनिटांचे तीन वॉश. अ‍ॅलेक्सा ४८८ किंवा ५६८ची सेकंडरी १:५०० ते १:१०००, एक तास, अंधारात. आधी सेकंडरीची कुपी १० मिनिटं जोरात सेंट्रिफ्यूज करून फक्त वरचा भाग घ्या. तळाला जमलेल्या गुठळ्या स्लाइडवर अगदी ठिपक्यांसारख्या दिसतात. फरक एवढाच की त्या केंद्रकाबाहेरही पडलेल्या असतात. डापी १ मायक्रोग्रॅम प्रति मिली ५ मिनिटं, वॉश, माउंट, आणि माउंटिंग मीडियम घट्ट होईपर्यंत रात्रभर हात लावू नका.

तिसऱ्या रंगात पेशीचक्राची खूण लावलीत तर काम पक्कं होतं. जेमिनिन किंवा सायक्लिन-ए, दोन्ही जी१मध्ये नसतात. त्यांची अँटिबॉडी उंदराची असेल तर गॅमा-एचटूएएक्स त्याच स्लाइडवर न लावता शेजारच्या स्लाइडवर लावा. प्री-एक्स्ट्रॅक्शनने या खुणाही धुऊन जाऊ शकतात, म्हणून आधी न धुतलेल्या पेशींवर करून बघा.

मोजणी

६० किंवा ६३ पट ऑइल ऑब्जेक्टिव्ह. एक्स्पोजर सगळ्यात तेजस्वी नमुन्यावर ठरवा, एकही पिक्सेल पूर्ण पांढरा होऊ देऊ नका, आणि मग सगळ्या स्लाइडला तेच ठेवा. ऑटो-एक्स्पोजर लावलंत तर किरण न दिलेल्या पेशीही दिमाखात चमकतील. ०.३ ते ०.५ मायक्रोमीटरच्या अंतराने झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरची चित्रं) घ्या आणि मॅक्स प्रोजेक्शनवर (ती एकत्र केलेल्या चित्रावर) मोजा. ठिपके केंद्रकाच्या सगळ्या खोलीत विखुरलेले असतात, एका पातळीवर निम्मे सुटतात.

दर नमुन्यात किमान १०० केंद्रकं, तीन वेगवेगळ्या दिवशी केलेले प्रयोग. सगळ्या पेशींची सरासरी काढू नका. जी१मधल्या कोऱ्या पेशी सरासरी खाली ओढतात, आणि एखाद्या औषधाने पेशी जी१मध्ये अडकल्या तर दुरुस्ती बिघडल्याचा खोटा निकाल मिळतो. जेमिनिन असलेल्या पेशींपैकी किती पेशींत ५ किंवा त्याहून जास्त ठिपके आहेत, ते टक्क्यांत मांडा. कॅन्सरच्या ऊतीवर करायच्या रॅड५१ चाचणीतही हाच हिशेब वापरतात, आणि तिथे अशा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर ट्यूमरची दुरुस्ती मोडलेली समजतात. पार्प इनहिबिटर या औषधांचा उपयोग होईल का, याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. मात्र पॅराफिनमधल्या ऊतीत प्री-एक्स्ट्रॅक्शन होत नाही, अँटिजेन रिट्रीव्हल लागतं, आणि त्यासाठी अँटिबॉडी पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागते. पेशींवर चालली एवढ्यावर पुढे जाऊ नका.

फिजी या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधलं 'फाइंड मॅक्सिमा' ठिपके मोजतं, पण त्याचा प्रॉमिनन्स आकडा कंट्रोल सायआरएनए आणि रॅड५१ सायआरएनए या जोडीवर ठरवा आणि मग हलवू नका. हाताने मोजणार असाल तर स्लाइडवरची नावं दुसऱ्याला कागदाने झाकायला सांगा.

वहीत काय लिहायचं

कॅटलॉग नंबर, क्लोन, आरआरआयडी (अँटिबॉडीचा सार्वत्रिक ओळख क्रमांक) हे सगळे लिहितात. लॉट नंबर विसरतात. तो कुपीवर बारीक अक्षरात असतो आणि तीन महिन्यांत हाताच्या घामाने पुसला जातो. आल्या दिवशीच कुपीचा फोटो काढून ठेवा. चांगल्या निघालेल्या प्रयोगातला कंट्रोल आणि रॅड५१ सायआरएनएचा उकळलेला लायसेट २०-२० मायक्रोलिटरच्या भागांत उणे ८०ला ठेवून द्या, फिक्स केलेल्या चार जादा कव्हरस्लिप ०.०२ टक्के अझाइड घातलेल्या पीबीएसमध्ये ४ अंशांवर. कव्हरस्लिप काही आठवडेच टिकतात, म्हणून जुनी कुपी तळाला लागली की नवीन लॉट तेव्हाच मागवा. तो आला की जुन्या कुपीतला शेवटचा थेंब आणि नवी कुपी त्याच लायसेटवर आणि त्याच कव्हरस्लिपवर शेजारी-शेजारी लावा, आणि डायल्यूशन पुन्हा बसवा.